नुसत्या शेळीनं भागत नाही



या महिन्याच्या अभ्यास पाठाचा विषय ऐकायला मोठा आहे : जगातली गरिबी घालवायची तर सरकारांनी आणि संस्थांनी कोणकोणत्या गोष्टी एकत्र करायला हव्यात. प्रशिक्षणात याला ‘एकात्मिक धोरण’ म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या बैठकीच्या सतरंजीवरचीच आहे. म्हणून तिथूनच सुरू करते.

मागे एका गटाचं रजिस्टर तपासत होते. अकरा नावं, त्यातल्या एका नावावर आडवी रेघ. विचारलं, तर अध्यक्षताई म्हणाल्या, “तिला महिन्याचे शंभर जमत नव्हते मॅडम. दोनदा दंड लागला. मग तिनंच सोडला गट.” कुणी तिला काढलं नव्हतं, कुणी वाईट बोललं नव्हतं. नियम सगळ्यांना सारखा होता. मी रजिस्टरवर सही केली, चहा घेतला आणि निघाले. परत येताना गाडीवर डोक्यात आलं, की हा गट पंचसूत्रीत पैकीच्या पैकी आहे, आणि त्या वस्तीतली सगळ्यात गरीब बाई या गटात नाही.

तुमच्या गटाच्या रजिस्टरमध्येही अशी रेघ असेल. किंवा रेघही नसेल, कारण तिचं नाव कधी लिहिलंच गेलं नाही.

बांगलादेशात काय झालं

हाच प्रश्न शेजारच्या बांगलादेशात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लोकांना पडला होता. तिथं ‘ब्रॅक’ नावाची मोठी संस्था आहे. १९७१ च्या युद्धानंतर देश उद्ध्वस्त झालेला असताना, १९७२ मध्ये फजले हसन आबेद यांनी ती सुरू केली. गावोगावी बायकांचे गट, छोटी कर्जं, कोंबड्या, शाळा, आरोग्यसेविका असं तिचं काम पसरलं. पण हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की कर्ज घेणाऱ्या बायका गरीब आहेत खऱ्या, पण गावातल्या सगळ्यात गरीब बायका त्यात नाहीतच. त्या स्वतः कर्जाला घाबरतात, आणि इतर बायकाही त्यांना गटात घ्यायला कचरतात. हप्ता बुडाला तर गटाची पत जाते ना! यात आपल्याला नवल वाटायचं काही कारण नाही.

समजा, अशा बाईला कर्ज दिलं, तर काय होतं? शेळी येते. पंधरा दिवसांत पोरगं आजारी पडतं. घरात दाणा नाही, औषधाला पैसा नाही. शेळी बाजारात जाते, तीही पडत्या भावात. आजारपण निभावतं, पण कर्ज तसंच राहतं. म्हणजे कर्जाआधी ती नुसती गरीब होती, आता गरीब आणि कर्जबाजारी झाली.

म्हणून २००२ मध्ये ब्रॅकनं अतिगरीब बायकांसाठी वेगळा कार्यक्रम काढला. त्यात कर्ज नव्हतं. साधारण दोन वर्षं एकाच घराला बऱ्याच गोष्टी एकत्र दिल्या जायच्या. गाय, शेळ्या किंवा कोंबड्या असं कमाईचं साधन फुकट. ते सांभाळायचं शिक्षण. जनावर कमाई देईपर्यंत घर चालावं म्हणून थोडे पैसे. दर आठवड्याला घरी येणारी एक कार्यकर्ती. आजारपणात दवाखान्याची सोय. बचतीची सवय. आणि गावातल्या चार वजनदार माणसांची एक समिती, म्हणजे त्या बाईच्या शेळीला कुणी हात लावणार नाही आणि तिचं पोरगं शाळेत जातंय का ते कुणीतरी बघेल.

बाई निवडायची कशी, याचीही पद्धत होती. गावानंच जमिनीवर नकाशा काढून घरांची क्रमवारी लावायची आणि मग कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन खात्री करायची. घर बाईच्या मोलकरणीच्या कामावर किंवा भीक मागण्यावर चालतं का? जमीन दहा डेसिमलपेक्षा, म्हणजे आपल्या हिशेबानं चार गुंठ्यांपेक्षा कमी आहे का? घरात कमावता पुरुष नाही? शाळेच्या वयाची मुलं कामाला जातात? कमाईचं एकही साधन नाही? पाचापैकी किमान दोन गोष्टी जुळल्या तर घर यादीत घ्यायचं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ज्या घरात काम करू शकेल अशी एकही बाई नाही, ते घर या यादीत येत नसे. थकलेल्या म्हातारीला गाय देऊन काय उपयोग? तिला पेन्शन हवी, शिजवलेलं अन्न हवं. ते काम सरकारचंच आहे, आणि ते गाय वाटून होत नाही.

क्रम का महत्त्वाचा

माझ्या मते या कार्यक्रमाचं सगळं मर्म क्रमात आहे. पोटाला आधार आधी, शेळी नंतर. कारण उपाशी घरात शेळी टिकत नाही. शिक्षण शेळीच्या सोबत, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात शेळ्या हगवणीनं जातात. आपल्या पशुसखी ताईंना विचारा, लसीकरण चुकलं की काय होतं. आणि दर आठवड्याची भेट. ही मला सुरुवातीला फार किरकोळ वाटली होती. नुसतं कुणी घरी येऊन बसण्यानं काय होतं? पण ज्या बाईच्या उंबऱ्यावर वर्षानुवर्षं सावकाराशिवाय कुणी आलेलं नाही, तिच्याकडं दर आठवड्याला कुणी येऊन ‘शेळी कशी आहे, पोरगी शाळेत गेली का’ विचारतं, हिशेब मांडायला मदत करतं, तेव्हा तिचं गावातलं वागणंच बदलतं. आपण सीआरपी ताईंच्या गृहभेटी कशा उरकतो, ते आठवून पाहा. मीही उरकल्या आहेत.

आता कुणी म्हणेल, या सगळ्या संस्थांच्या सांगायच्या गोष्टी. खरंच फरक पडला का? याची तपासणी झाली आहे, आणि ती नीट झाली आहे. बांगलादेशातल्या १,३०९ गावांतल्या २१ हजार घरांची सात वर्षं वेळोवेळी पाहणी केली गेली. ज्या बायका पूर्वी फक्त दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला आणि धुण्याभांड्याला जायच्या, त्या स्वतःच्या जनावरांवर जास्त दिवस काम करू लागल्या, कमाई वाढली, आणि कार्यक्रम संपल्यावरही ती टिकली.

मग हीच पद्धत इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू अशा सहा देशांत करून पाहिली गेली. दहा हजारांहून अधिक घरं होती. त्या सगळ्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावरही बहुतेक ठिकाणी घरातलं खाणं, बचत आणि मालमत्ता वाढलेलीच होती. या अभ्यासकांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. त्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. (अभिजित बॅनर्जींचं पूर्ण नाव अभिजित विनायक बॅनर्जी. जन्म मुंबईचा आणि आई मराठी. तेवढा अभिमान आपण बाळगायला हरकत नाही!)

सगळीकडं यश आलं असं मात्र नाही. होंडुरासमध्ये बऱ्याच बायकांनी कोंबड्या घेतल्या होत्या. रोग आला आणि कोंबड्या पटापट मेल्या. तिथं जेवढा खर्च झाला तेवढाही फायदा निघाला नाही. आपल्याकडं मानमोडी आली की काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे जिथं जनावरांचा दवाखाना चालत नाही, तिथं जनावर वाटणं हा जुगार आहे.

घानामध्ये तर आपल्याला हवा तोच प्रश्न विचारला गेला : एवढा सगळा खटाटोप लागतो का? नुसत्या शेळ्या देऊन भागणार नाही का? म्हणून काही घरांना सगळं पॅकेज दिलं, काही घरांना फक्त शेळ्या दिल्या, आणि काहींना फक्त बचत खात्याची सोय करून दिली. नुसत्या शेळ्या मिळालेल्या घरांत टिकाऊ सुधारणा दिसली नाही. नुसत्या बचतीचा फायदाही पुढं टिकला नाही. जिथं सगळं एकत्र पोचलं, तिथंच फरक राहिला. या पाठाचं नाव मी तिथूनच घेतलं.

आपल्या देशात पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात ‘बंधन’ संस्थेनं हे काम केलं. २००७ च्या सुमारास सुरुवात झाली आणि दहा वर्षांनी अभ्यासक पुन्हा त्याच घरांत गेले. फरक तेव्हाही होता. पण सगळ्याच घरांत गाय-शेळीच होती असं नाही. हातात थोडे पैसे आल्यावर घरं दुसऱ्या धंद्याकडं आणि बाहेरगावच्या चांगल्या मजुरीकडं वळली. म्हणजे शेळी ही पायरी होती. आणखी एक गंमत सांगते. सुरुवातीला त्या भागातल्या कितीतरी बायकांनी फुकट मिळणारी मदत नाकारली. फुकट देतायत म्हणजे यात काहीतरी डाव असणार, असं त्यांना वाटलं. गरीब माणसाला अनुभवानं आलेलं हे शहाणपण आहे. त्याला अडाणीपणा म्हणू नका.

संस्था पुरी पडत नाही

जगात आजही सुमारे ८० कोटी लोक अत्यंत गरिबीत राहतात. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सगळ्या देशांनी मिळून १७ उद्दिष्टं ठरवली. त्यातलं पहिलंच उद्दिष्ट म्हणजे २०३० पर्यंत सगळ्या रूपांतली गरिबी संपवणं. ‘सगळ्या रूपांतली’ हे शब्द मुद्दाम आहेत. आपल्या नीती आयोगानं गरिबी मोजायला १२ गोष्टी घेतल्या आहेत. पोषण, बालमृत्यू, बाळंतपणातली काळजी, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, बँक खातं वगैरे. त्यात ‘महिन्याला किती कमावता’ हा प्रश्न नाहीच. एवढ्या सगळ्या बाजूंनी जर गरिबी घेरते, तर एका बाजूनं ओढून ती कशी निघणार?

अडचण अशी आहे, की सरकारात या प्रत्येक बाजूचं टेबल वेगळं. पोषण अंगणवाडीकडं, औषध आरोग्य केंद्राकडं, धान्य पुरवठा विभागाकडं, मजुरी रोजगार हमीकडं, घरकुल पंचायत समितीकडं, कर्ज बँकेकडं. आणि प्रत्येक टेबलावर कागद मागतात. ज्या बाईला सगळ्यात जास्त गरज, तिच्याकडं सगळ्यात कमी कागद. योजना बारा असतात, पण त्या एका घरात एका वेळी भेटत नाहीत. माझ्या डोक्यात ‘एकात्मिक’ या शब्दाचा अर्थ एवढाच आहे : एक घर, एक वेळ, आणि सगळी टेबलं तिथं.

हे सरकारी यंत्रणेतून होतं का? दोन राज्यांचं सांगते. बिहारमध्ये २०१६ मध्ये दारूबंदी झाली. दारू-ताडीवर पोट असलेली अनेक गरीब घरं उघड्यावर आली. २०१८ मध्ये तिथल्या ‘जीविका’नं, म्हणजे आपल्या उमेदच्या बिहारच्या बहिणीनं, अशा आणि इतर अतिगरीब घरांसाठी ‘सतत जीविकोपार्जन योजना’ सुरू केली. पद्धत बांगलादेशासारखीच आहे. फरक एवढाच, की घरं कुणी निवडायची? तर गावातल्या बायकांच्या ग्राम संघटनेनं. सुरुवातीचे काही महिने घरखर्चाला आधार, मग छोटं दुकान किंवा शेळ्या, आणि पाठीशी एक कार्यकर्ती. पहिलं उद्दिष्ट एक लाख घरांचं होतं. तुमच्या-माझ्यासारख्या बायका हे काम लाखाच्या आकड्यात करतात, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

दुसरं केरळ. तिथं १९९८ पासून ‘कुडुंबश्री’ आहे. बायकांचे गट आणि ग्रामपंचायत तिथं पहिल्यापासून जोडलेले आहेत. २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं अन्न, आरोग्य, उत्पन्न आणि निवारा या चार कसोट्यांवर ६४,००६ अतिगरीब कुटुंबं शोधली आणि प्रत्येक कुटुंबाचा वेगळा आराखडा केला. कुणाला रोज शिजवलेलं जेवण, कुणाला औषधं, कुणाला घर, कुणाला कामधंदा. कितीतरी लोकांकडं रेशनकार्ड आणि आधारसुद्धा नव्हतं, म्हणून मोहीम काढून आधी कागद करून दिले. १ नोव्हेंबर २०२५ ला केरळनं राज्य अतिदारिद्र्यमुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्यावर अभ्यासकांनी प्रश्नही विचारले, की मोजणी नीट झाली का, काही घरं यादीबाहेर राहिली का. विचारायलाच हवेत. पण ‘प्रत्येक घराचा वेगळा आराखडा’ ही कल्पना मात्र मला पटते. आपल्याकडं अजून शंभर घरांना एकच अर्ज असतो.

हे सगळं खर्चिक आहे, हे मान्य करायला हवं. एका घरावर दीड-दोन वर्षं माणूस ठेवायचा म्हणजे पैसा लागतो. पण मुर्शिदाबादच्या हिशेबात खर्चाच्या चौपटीहून जास्त फायदा त्या घरांना झाला. दरवर्षी थोडं थोडं वाटून काहीच न बदलण्यापेक्षा हे स्वस्तच म्हणायचं.

आपल्या दशसूत्रीत हे आधीच आहे

आपण बैठकीत दशसूत्री म्हणतो. पहिली पाच सूत्रं, म्हणजे बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. ती तोंडपाठ असतात, कारण श्रेणी त्यावर ठरते, बँक तेच बघते आणि खरं सांगायचं तर मीही भेटीत तेच तपासते. पुढची पाच म्हणजे आरोग्य, शिक्षण, पंचायतीत सहभाग, शासकीय योजना, शाश्वत उपजीविका. ती आपण एका दमात म्हणून मोकळ्या होतो. आता ही दहाही सूत्रं ब्रॅकच्या यादीशेजारी ठेवून बघा. जवळजवळ तीच यादी आहे! आपल्याला नवं धोरण आणायची गरज नाही, सहा ते दहा सूत्रं कामाला लावायची आहेत. शिवाय ग्रामसंघाकडं जोखीम प्रवणता निधी असतो. तो नेमका अशाच घरासाठी असतो. अनेक ठिकाणी तो गटांना साध्या कर्जासारखा फिरवला जातो. तुमच्याकडं कसा वापरला, ते लेखापाल ताईंना विचाराच.

त्या आडव्या रेघेच्या ताईंकडं मी नंतर सीआरपी ताईंना घेऊन गेले. (त्यांना विचारून लिहिते आहे, नाव लिहीत नाही.) मला वाटत होतं, त्या शेळी मागतील, निदान कर्ज तरी. त्यांनी दोन्ही मागितलं नाही. नवरा वारून दोन वर्षं झाली, पण मृत्यूची नोंदच झालेली नाही. दाखला नाही म्हणून निराधार योजनेचा अर्ज नाही. रेशनकार्डावर नाव सासऱ्यांच्या घरात, ते घर वेगळं झालेलं, त्यामुळं धान्य तिकडं येतं. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी. ताई म्हणाल्या, “दाखल्याचं तेवढं बघा, बाकी मी बघते.” एका दाखल्यामागं तीन टेबलं अडली होती, आणि आमच्या गटानं त्यांच्याकडून मागितले होते महिन्याचे शंभर रुपये.

आता काम असं लागलं आहे : नोंदीचा अर्ज ग्रामसंघानं भरून दिला, त्याचा पाठपुरावा सचिव ताई करतायत. धाकट्याचं नाव अंगणवाडीत घातलं, म्हणून थोरली शाळेत परतली. रेशनकार्ड वेगळं करायचं बाकी आहे. शेळी नंतर.

पुढच्या बैठकीत करायचं काम

जमिनीवर रांगोळीनं वस्तीचा नकाशा काढा. रस्ता, हातपंप, अंगणवाडी आणि प्रत्येक घर. घरांना नावं न देता आकडे द्या. जिच्याबद्दल बोलायचं तिला मध्ये बसवून ‘ही आमच्यातली सगळ्यात गरीब’ म्हणायचं नाही. तुमच्या-माझ्याबद्दल कुणी असं म्हटलं तर कसं वाटेल? गटात असलेल्या घरांवर हळदीचं बोट लावा. मग बोट न लागलेली घरं बघा आणि एकेकाबद्दल बोला. त्यातली काही सुखवस्तू असतील, त्यांना गटाची गरज नाही. उरलेल्यांपैकी फक्त एक घर निवडा. चार घरं घेतलीत तर एकाचंही होणार नाही, हे मी अनुभवानं सांगते.

त्या घरी दोघींनी जायचं. एक अशी, जिचं त्या घराशी आधीपासून बोलणं आहे. वही-पेन नेऊ नका, बघून आणि बोलून या. चूल कशावर पेटते, सकाळी काय खाल्लं, आजारी कोण, मुलं कुठं आहेत, कागद कोणते आहेत, उधारी कुणाची. मग त्यांनाच विचारा : आधी काय सुटायला हवं? आपल्याला वाटतं ते नाही, त्या सांगतील ते पहिलं. पुढं दर आठवड्याला त्याच दोघींपैकी एकीनं डोकवायचं. गाव दारिद्र्य निर्मूलन आराखडा ग्रामसभेत जाताना या घराचं काम त्यात लिहिलं आहे का, ते ग्रामसंघानं पाहायचं.

गटात त्यांना लगेच आणायची घाई नको. पण बचतीचा आकडा सगळ्यात गरीब बाईला झेपेल असा ठरवता येतो का, यावर बोला. शंभरचे पन्नास केले तर गटाचं काय बिघडतं आणि काय नाही, हिशेब मांडून बघा. काही ताईंना हे पटणार नाही. वाद झाला तरी चालेल, ठराव वहीत दोन्ही बाजू लिहा.

पुढच्या महिन्याच्या प्रभाग संघाच्या बैठकीला येताना एका चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहून आणा : नकाशातला घराचा आकडा, आणि त्या घरात आधी काय अडलं आहे. ज्या चिठ्ठ्यांत दाखला किंवा रेशनकार्ड असेल, त्या मी वेगळ्या काढणार आहे. सगळ्यांचे अर्ज एकाच दिवशी एकत्र घेऊन तहसीलला जाऊ.